बिदागी

लग्नकार्य आटोपल्यावर घरांतील कर्ता पुरुष खर्चाची वही घेऊन बसतो, तेव्हां तिच्यांत मंडप, किराणा, पत्रावळी, भाड्याचीं भांडीं, आचारी ह्यांच्या रांगेंतच कोठें तरी 'बाजा' असा एक शब्द आणि त्याच्यापुढें एक आंकडा असतो. आचाऱ्याच्या आंकड्याविषयीं फारशी चर्चा होत नाहीं. किराण्याच्या आंकड्याविषयीं तर मुळींच होत नाहीं, कारण तेथें दुकानदाराची पावती असते. बाजाच्या आंकड्यापाशीं मात्र वहीवरचा हात थांबतो. "एवढे कशाला दिले?" असें कोणी तरी विचारतें, आणि देणारा म्हणतो, "ठरले होते त्याहून कमीच दिले." हें उत्तर विचारणाऱ्यास समाधानकारक वाटतें. ह्या दोन वाक्यांत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि आपल्या सुशिक्षित घरांतून तो सहसा कोणी उकलून पाहत नाहीं, असें आम्हांस वाटतें. जो आपल्यासाठीं गातो किंवा वाजवितो, त्याचें आपण नेमकें काय देणें लागतों?

प्रश्नाचा घोळ शब्दांपासूनच सुरू होतो. शिंप्यास आपण शिलाई देतों, गवंड्यास मजुरी देतों, वकिलास फी देतों, भटजींस दक्षिणा देतों. देणें कशाबद्दल आहे हें ह्या शब्दांवरून समजतें, आणि तें चुकविलें तर मागण्याचा अधिकार समोरच्यास आहे हेंहि समजतें. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांसाठीं आपण जे शब्द राखून ठेविले आहेत ते पाहावे: बिदागी, इनाम, बक्षीस, दौलतजादा, आणि अलीकडचा मानधन. बिदागी म्हणजे निरोपाच्या वेळीं हातावर जें ठेवावयाचें तें. काम किती झालें ह्याशीं ह्या शब्दाचा संबंध नाहीं. माणूस आतां उठून जात आहे एवढ्याशींच आहे. इनाम आणि बक्षीस हे देणाऱ्याच्या प्रसन्नतेचे शब्द आहेत. दौलतजादा हा तर उघड उघड देणाऱ्याच्या ऐटीचा. मानधन ह्या शब्दांत मान आणि धन हीं दोन्ही आहेत खरीं. पण धन कमी द्यावयाचें असलें कीं मानाचें प्रमाण वाढवावें, असाच त्याचा उपयोग होतांना आम्हीं अनेकदां पाहिला आहे. हे सगळे शब्द देणाऱ्याच्या बाजूनें घडलेले आहेत. घेणाऱ्याचा हक्क सांगणारा शब्द त्यांत एकहि नाहीं.

ह्या प्रश्नाचा विचार करतांना नामांकित गवयांचीं उदाहरणें घेण्याची आपल्याकडे चाल आहे. ती आम्हांस फारशी उपयोगाची वाटत नाहीं. ज्याचें नांव छापून येतें, ज्याच्या मैफलीचें तिकीट विकलें जातें, त्याचा प्रश्न बाजार थोडाबहुत सोडवितो. खरी कसोटी लागते ती ज्याला गांवाबाहेर कोणी ओळखत नाहीं, पण ज्याच्यावांचून गांवांतलें एकहि कार्य साजरें होत नाहीं, त्याच्या बाबतींत. म्हणून आम्ही उदाहरण घेतों तें नागपूर जिल्ह्यांतील पारशिवनीकडचें.

पारशिवनी हें जिल्ह्याच्या उत्तर अंगास असलेलें तालुक्याचें गांव. जवळून पेंच नदी जाते. तिच्यावर नवेगांव खैरीस धरण आहे, आणि नागपूर शहर जें पाणी पितें त्याचा मोठा भाग ह्या पेंचेचाच. उत्तरेस जंगल लागतें तें मध्यप्रदेशाच्या हद्दीपर्यंत आणि तिच्याहि पलीकडे पसरलेलें. पूर्वेस रामटेकची टेकडी, दक्षिणेस कन्हानकडे कोळशाच्या खाणी. कापूस, धान आणि संत्रीं हीं तिन्ही ह्या टापूंत दिसतात. बोलणें मराठी, पण तिच्यांत हिंदीचे शब्द सहज मिसळलेले. जंगलाकडच्या गांवीं गोंडीहि कानीं पडते. जी गोष्ट भाषेची तीच संगीताची. एका बाजूनें वऱ्हाडांतली खंजिरी आली, दुसऱ्या बाजूनें झाडीपट्टींतील दंडार आणि खडी गंमत आली, नागपूर-कामठीकडून कव्वाली आली, गोंड वस्त्यांचे ढोल तर आधींपासूनच होते, आणि सिनेमानें ह्या सर्वांवर आपला हात फिरविला. अशा ठिकाणीं वाजविणारा मनुष्य एका घराण्याचा किंवा एका पठडीचा राहूंच शकत नाहीं. त्यास सर्व यावें लागतें, आणि सर्व येतें म्हणूनच त्यास कशांतहि पारंगत मानीत नाहींत.

खडी गंमत न पाहिलेल्या वाचकांसाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ती तमाशाची बहीण म्हणावी, पण थाट साधा. मधोमध डफ घेतलेला शाहीर, मागें ढोलकी, टाळ, तुणतुणें, बहुधा एक हार्मोनियम. स्त्रीवेषांत नाचणारा पुरुष, ज्यास नाच्या म्हणतात. आणि एक सोंगाड्या, जो सरपंचापासून सावकारापर्यंत कोणाचीहि भीड धरीत नाहीं. आधीं गण-गौळण, मग सवाल-जवाब, मग एखादें कथानक. सारा खेळ उभ्यानें चालतो. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते, तेव्हां हिला मागणी असते. एका गांवची मंडई आटोपली कीं दुसऱ्या गांवची, असें हें कांहीं आठवडे चालतें. जांवई आणि पाहुणे ह्याच दिवसांत येतात, आणि मंडईंत गंमत नसली तर गांवाची शोभा गेली असें समजतात.

हार्मोनियमचा उल्लेख आलाच आहे म्हणून एक गंमतीची गोष्ट सांगून टाकतों. हें वाद्य परकी आणि बेसूर असें ठरवून आकाशवाणीनें १९४० सालीं त्यास आपल्या केंद्रांवर बंदी केली, आणि ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें. नागपुरास आकाशवाणीचें केंद्र १९४८ सालीं निघालें तें ह्या बंदीच्या काळांतच. ह्या तीस वर्षांत विद्वानांनीं हार्मोनियमच्या श्रुतींविषयीं किती तरी वाद केला. आणि ह्या सर्व काळांत खेड्यांतील भजनाची आणि गंमतीची पेटी एक दिवसहि बंद नव्हती. ज्या लोकांस तिचा उपयोग होता त्यांस बंदीची वार्ताहि नव्हती.

आतां ह्या प्रदेशांतील एखाद्या ढोलकीवाल्याचें वर्ष कसें जातें तें पाहूं. आश्विनांत नवरात्राचीं जागरणें. मग दिवाळी आणि मंडईचा हंगाम. हिवाळ्यांत भजनांच्या स्पर्धा. महाशिवरात्रीस पेंचेच्या कांठीं घोगरा महादेवाची यात्रा. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत लग्नें. त्यांतच १४ एप्रिलची मिरवणूक आणि बुद्धपौर्णिमा. मृग लागला कीं ढोलकी खुंटीला आणि हात चिखलांत. मध्यें पोळ्याला आणि गणपतींत थोडें काम निघतें. मोजूं गेल्यास वर्षाचा निम्मा काळ तो वाजविणारा असतो आणि निम्मा काळ शेतमजूर, खाणींतला कामगार, नाहीं तर संत्र्याच्या बागेंतला रखवालदार. लग्नसराईंत चार चार तास उन्हांतून चालत वाजवावें लागतें. गळ्यांतला पट्टा खांद्यांत रुततो, बोटांच्या शेंड्यांस चिरा पडतात. गंमतीच्या रात्रीं जागून पहाटे परत निघावयाचें, आणि सकाळीं दुसऱ्याच्या शेतावर हजेरी द्यावयाची. पावसाळ्यांत कातडें सैल पडूं नये म्हणून वाद्य चुलीच्या उबेला टांगलेलें असतें. घरांतल्या माणसांस कित्येकदां त्या उबेपासून दूर बसावें लागतें, ह्याबद्दल बायकोची कुरकुर असते, आणि ती रास्त असते.

तो शिकला कोठें म्हणावें, तर कोठेंच नाहीं आणि सर्वत्र. मामा किंवा चुलता वाजवीत असे, त्याच्या मांडीवर बोल ऐकले. मग रेडिओ. मग तालुक्याच्या गांवीं पाहिलेले सिनेमे. त्यांतील ठेका एकदां ऐकून दुसऱ्या दिवशीं वरातींत वाजविणें ही त्याची परीक्षा. ह्या भागांतील वाजविणाऱ्यांच्या मनावर सर्वांत खोल ठसा कोणाचा, असें विचारलें तर बहुतेकांच्या तोंडीं तुकडोजी महाराजांचें नांव येईल, असा आमचा तर्क आहे. १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावलीस जन्मलेला हा पुरुष हातांत एक खंजिरी घेऊन उभा राहिला आणि हजारों माणसें त्यानें ताब्यांत ठेविलीं. १९३५ सालीं मोझरीस गुरुकुंज आश्रम निघाला, आणि त्याच्या गुरुदेव सेवा मंडळांच्या शाखांबरोबर खंजिरीहि विदर्भांतल्या घरोघरीं पोंचली. एवढेंसें वाद्य, एका हातांत मावणारें, फारसें मोलहि न पडणारें. पण तिनें खेड्यांतल्या मुलास प्रथमच असें दाखविलें कीं, वाजविणारा माणूस हा सभेच्या मध्यभागीं बसूं शकतो.

येथेंच पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाहीं. कला ही विकण्याची वस्तु नव्हे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. तानसेन आणि त्याचे गुरु स्वामी हरिदास यांची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. बादशहानें विचारलें, तुझ्या गाण्यांत तुझ्या गुरूचा रंग कां नाहीं? तानसेन म्हणाला, मी तुमच्यापुढें गातों, ते परमेश्वरापुढें गातात. ही गोष्ट सांगून आपण सुशिक्षित लोक मान डोलवितों. तुकडोजी महाराज किंवा गाडगे महाराज यांनीं भजनाचा पैसा स्वतःसाठीं घेतला नाहीं हेंहि आपण सांगतों, आणि तें खरें आहे. आमच्या गांवांतील भजनी मंडळें अजून फुकट गातात, आणि त्यांना जो मान मिळतो तो पैसे घेणाऱ्या बाजेवाल्यास मिळत नाहीं. मंडळाच्या टाळकऱ्यास घरांत पाटावर बसवून चहा मिळतो. बाजेवाल्यास तो दारांतच.

ह्या आक्षेपांत जें सत्य आहे तें आधीं मान्य करूं. पैसे घेणारा मनुष्य आपल्या मनाचें वाजवूं शकत नाहीं; देणारा सांगेल तें त्यास वाजवावें लागतें. वरातींत एखाद्या धुंद पाहुण्यानें एकच गाणें दहा वेळां मागितलें तर तें दहा वेळां वाजतें, आणि दहाव्या खेपेस वाजविणाऱ्याचा हात तेथें असला तरी कान तेथें नसतो. त्यानें कलेची हानि होते हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु हरिदासाची गोष्ट सांगणारे आपण कोण, हेंहि पाहिलें पाहिजे. ती गोष्ट बहुधा सांगतात ते महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार घेणारे लोक. शिक्षकानें पगार घेतल्यानें विद्या मळत नाहीं, डॉक्टरानें फी घेतल्यानें दया मळत नाहीं, संपादकानें वर्गणी घेतल्यानें साहित्य मळत नाहीं. मळतें तें फक्त ढोलकीवाल्याचें संगीत. संतांची निरिच्छता ही त्यांची स्वतः स्वीकारलेली होती. ती दुसऱ्यावर लादतां येत नाहीं. गाडगेबाबांनीं पैसा नाकारला म्हणून आपण बाजेवाल्याचा पैसा कापावा, ह्यांत बाबांचें अनुकरण त्या बाजेवाल्याकडून करवून घेतलें जातें आणि पुण्य आपल्या पदरीं पडतें, हा न्याय मोठा सोयीचा आहे.

दुसरा मार्ग सुचविला जातो तो असा, कीं पोटासाठीं कांहीं दुसरें करावें आणि संगीत निर्मळ ठेवावें. ह्या मार्गाचें एक ठळक उदाहरण ह्याच विदर्भांत आहे. वसंतराव देशपांडे १९२० सालीं मुर्तिजापुरास जन्मले, नागपुरास वाढले, तेथें शंकरराव सप्रे यांच्यापाशीं शिकले, आणि पुढें वीस वर्षांहून अधिक काळ सैन्याच्या हिशेब खात्यांत कारकुनी करीत राहिले. १९६७ सालीं 'कट्यार काळजांत घुसली' हें नाटक आलें आणि खांसाहेबांच्या भूमिकेनें त्यांचें नांव महाराष्ट्रभर झालें, तेव्हां त्यांनीं चाळिशी केव्हांच ओलांडली होती. ह्या चरित्राकडे बोट दाखवून लोक म्हणतात, पाहा, नोकरी करूनहि माणूस मोठा गवई होतो. आम्हांस त्यांतून उलटें दिसतें. एवढ्या ताकदीच्या गळ्यानें आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें कोणाच्या तरी बेरजा-वजाबाक्या तपासण्यांत घालविलीं, आणि त्याबद्दल समाजाला खंत वाटण्याऐवजीं तें त्याचें शील म्हणून आपण वाखाणतों. आणि ते कारकून तरी होऊं शकले. पारशिवनीच्या ढोलकीवाल्याची दुसरी नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या शेतांतलें निंदण.

पैशाची गोष्ट एवढी बोलल्यावरहि मूळ दुखणें राहूनच जातें. पारशिवनीकडील एका वयस्क वाजविणाऱ्यांशीं आमचें बोलणें झालें, तेव्हां मोबदल्याविषयीं त्यांनीं फारशी तक्रार केली नाहीं. ते म्हणाले, "पैशे तं भेटतेत जी. पन बसा मनून कोनी मनत नाई." ह्या वाक्यामागें इतिहास आहे, आणि तो टाळून ह्या विषयावर लिहिणें हा अप्रामाणिकपणा होईल.

आपल्या खेड्यांतून वाजविणें हा धंदा नव्हता, तें जातीवर लादलेलें काम होतें. सण असो, लग्न असो, देवाची पालखी असो, डफडें वाजविण्यास महार-मांग वस्तींतून माणसांनीं यावयाचें हें ठरलेलें. मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपानें, आणि कार्याच्या दिवशीं पंगती उठल्यावर उरलेलें अन्न. ज्याच्या वाद्यावांचून नवरा मुलगा बोहल्यावर चढत नसे, तो स्वतः मंडपांत चढूं शकत नसे. तो नाहीं म्हणूं शकत नसे, ही ह्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपण ज्यास लोककला म्हणून हळहळतों, तिच्या पायांत ही बेडी होती.

१९२७ सालीं महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लोकांस हीनपणाचीं कामें सोडण्यास सांगितलें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पारशिवनीपासून तें मैदान कांहीं फार दूर नाहीं. त्यानंतर विदर्भांतल्या कित्येक गांवांतून ह्या मंडळींनीं पूर्वीचें वाजविणें सोडून दिलें. पिढ्यान् पिढ्यांची हातांत मुरलेली विद्या त्यांनीं स्वतः खाली ठेविली. आणि त्याबरोबर जें थोडेंफार धान्य मिळे त्यावरहि पाणी सोडलें. गांवकऱ्यांनीं त्यास माज म्हटलें. कलेचे अभ्यासक पुढें म्हणूं लागले, एक परंपरा लोपली.

आमचें मत असें आहे कीं, संगीताच्या बाबतींत ह्या प्रदेशानें दाखविलेली ही सर्वांत मोठी नीति होय. कारण ज्यास नाहीं म्हणतां येत नाहीं त्याच्या होकारास किंमत नसते, आणि जबरीनें वाजविलेल्या वाद्यांत मंगल तें काय असणार? शिवाय, त्यांनीं सोडलें तें संगीत सोडलें काय? मुळींच नाहीं. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांची मंडळी १९३० नंतरच्या दशकांत जलसे घेऊन हिंडत होतीच. पुढें वामनदादा कर्डक यांनीं सारें आयुष्य गांवोगांव गाण्यांत घालविलें. नागपुराकडे भीमगीतें आणि बुद्धगीतें कव्वालीच्या थाटांत रात्र रात्र चालूं लागलीं. तेच हात, तीच लय, तेंच ढोलकीचें अंग. बदललें तें एवढेंच कीं आतां तो गायक व्यासपीठावर बसलेला होता आणि कोठें जावयाचें, कोठें जावयाचें नाहीं, हें तो ठरवीत होता. जी विद्या दाराबाहेर उभी राहून वाजे, ती स्वतःच्या घरांत आल्याबरोबर केवढी फुलली हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं एप्रिल महिन्यांत नागपूर जिल्ह्यांतील कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं एक रात्र काढावी. परंपरा लोपली असें म्हणणाऱ्यांस बहुधा तिकडचें आमंत्रण नसतें.

ह्यावरून आम्हांस असें दिसतें कीं, वाजविणाऱ्याचें जें देणें आपण लागतों त्यांतला पहिला भाग पैसा नव्हे आणि मानहि नव्हे. त्याचा नकार ऐकून घेण्याची तयारी हा पहिला भाग. आज माझी मुलगी आजारी आहे, मी येणार नाहीं, असें आचाऱ्यानें सांगितलें तर आपण दुसरा आचारी पाहतों. बाजेवाल्यानें सांगितलें तर आपण म्हणतों, चढून गेला आहे. हेंच एक गाणें मी दहाव्यांदा वाजविणार नाहीं, असें त्यानें म्हटलें तर लग्नघरांत मारामारीचा प्रसंग येतो. गवयास आपण कलावंत म्हणतों, पण कलावंतास जी एक गोष्ट सर्वांत आधीं लागते, म्हणजे स्वतःच्या कलेवर स्वतःचा शब्द, ती आपण देत नाहीं.

सरकारनें ह्या प्रश्नांत आपल्या परीनें कांहीं केलें आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांस मानधन देण्याची राज्याची योजना पुष्कळ जुनी आहे. तींत पूर्वी अ, ब, क अशी प्रतवारी असे, म्हणजे राष्ट्राचा कलावंत वेगळा, राज्याचा वेगळा आणि गांवचा वेगळा. २०२४ सालीं ही प्रतवारी काढून सर्वांस सारखे, दरमहा पांच हजार रुपये, असें ठरलें. ही गोष्ट चांगली झाली. भूक प्रतवारी पाळीत नाहीं. पण अर्जदारानें आपण कलावंत आहों हें कागदांनीं सिद्ध करावें लागतें, आणि ज्याच्या कलेची नोंद आजपर्यंत लोकांच्या खर्चाच्या वह्यांतच झाली, त्यानें कागद आणावे कोठून? 'बाजा' ह्या शब्दापुढें कोणी त्याचें नांव लिहिलें नव्हतें.

नव्या पिढीचा विचार थोडक्यांत करतों. तरुण मुलगा ढोलकी सोडून धुमालांत शिरतो, गाडीवर चढविलेल्या बँजो आणि नगाऱ्यांच्या मागें उभा राहतो, किंवा डीजेवाल्याच्या वायरी ओढतो. त्याबद्दल वडील मंडळी नाक मुरडतात. कानठळ्या बसतात हें खरेंच, आणि रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा २००० सालापासूनचा नियम मोडला जातो हेंहि खरें. आम्हींहि खिडक्या लावून घेतल्या आहेत. पण त्या मुलाकडून पाहावें. गाडीवर तो सर्वांहून उंच उभा असतो. त्यास कोणी दारांत उभें करूं शकत नाहीं. आगाऊ रक्कम घेतल्यावांचून गाडी हलत नाहीं. त्याच्या बापास जें कधीं मिळालें नाहीं तें त्यास यंत्रानें मिळवून दिलें आहे. त्यास चांगली रुचि शिकविण्यास निघण्यापूर्वी हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

येथवर आम्ही देणाऱ्यासच दोष देत आलों. परंतु देणाऱ्याचीहि एक बाजू आहे, आणि ती सोडली तर लिहिणें एकांगी होईल. पारशिवनीकडे लग्न काढणारा बाप बहुधा स्वतःच कर्जांत असतो. कापसाचा भाव पडला, संत्र्यास गळ लागली, तर बाजाची रक्कम कापण्यावांचून त्यास गत्यंतर नसतें. तो कंजूष नाहीं, दरिद्री आहे. एक दरिद्री दुसऱ्या दरिद्र्याकडून आनंद विकत घेत आहे, आणि दोघांनाहि तो परवडत नाहीं. अशा वेळीं त्यास न्यायाचा उपदेश करणें म्हणजे ज्याच्यापाशीं ताट नाहीं त्यास पंगतीचे नियम सांगण्यासारखें आहे. जुन्या व्यवस्थेंत वाजविणाऱ्यास गांव पोसत असे, एकटें घर नव्हे. तेथें गुलामगिरी होती, पण भार वांटलेला होता. नव्या व्यवस्थेंत तो मोकळा आहे, आणि त्याचा सारा भार ज्या घरीं कार्य असेल त्या एका घरावर आहे. मोकळीक राहावी आणि भारहि वांटला जावा, असें कोठें होतें काय?

आमच्या पाहण्यांत तें एके ठिकाणीं थोडेंसें होतें, आणि तें मंडईंत. तेथें गांव वर्गणी काढतें. कोणी पांचशें देतो, कोणी पायलीभर तांदूळ. त्यांतून गंमत ठरवितात. शाहिराकडे माणसें आधीं जातात, तारीख विचारतात, आणि त्याची तारीख दुसऱ्या गांवास दिलेली असली तर आपली मंडई एक दिवस पुढें ढकलतात. कलावंतासाठीं गांवानें आपला सण हलवावा, ही गोष्ट शहरांतल्या कोणत्याहि सभागृहांत आम्हीं ऐकलेली नाहीं. सोंगाड्या त्याच वर्गणीदारांची त्यांच्या तोंडावर टवाळी करतो आणि ते हंसतात. खेळ संपल्यावर एखाद्या घरीं मंडळींचें जेवण असतें. तें घर कोणाचें, आणि पान अंगणांत मांडतात कीं माजघरांत, हें अजून गांवोगांव वेगळें आहे. गंमतवाले मात्र तें नीट लक्षांत ठेवतात, आणि पुढल्या वर्षीं तारीख मागावयास माणसें आलीं म्हणजे आधीं गांवाचें नांव विचारतात.